बाहेर फिरणाऱ्या मांजराची भूक आणि शेजारच्या ताटल्या

घरातच राहणाऱ्या मांजराने दोन वेळा ताटलीला तोंड लावले नाही, तर ते उपाशी आहे एवढे तरी नक्की समजते. बाहेर फिरणाऱ्या मांजराबाबत तेवढेही कळत नाही. पुण्यात पेठांमधल्या वाड्यांच्या भिंतींवरून किंवा कोथरूड, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडवरून जाणाऱ्या मांजराच्या वाटेवर सकाळी दूध तापवणाऱ्या आजी असतात, दुपारी डबा खाणारे वॉचमन असतात आणि रात्री उशिरा कोंबडीची हाडे गॅलरीत ठेवणारे भाडेकरू विद्यार्थीही असतात. त्यामुळे आपल्या घरची ताटली भरलेली राहिली, तर मांजर आजारी आहे की दुसरीकडे जेवून आले आहे, हा प्रश्न नुसत्या ताटलीकडे बघून सुटत नाही. ताटलीपेक्षा मांजराच्या वजनावर विश्वास ठेवावा आणि शेजाऱ्यांना खायला घालणे बंद करायला सांगण्यापेक्षा त्यांना हिशेबात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच दोन गोष्टींच्या आधारे मांडल्या आहेत.

सर्वप्रथम: थांबण्याची वेळ आहे का, ते पाहा

पुढील निरीक्षणाला आठवडाभर लागतो, परंतु काही लक्षणांमध्ये आठवडा तर सोडाच, एक रात्रही थांबता येत नाही. मांजराने पूर्ण दिवस काहीही खाल्ले नसेल आणि ते कोपऱ्यात गप्प बसून असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. मांजराचे शरीर उपास सहन करण्यासाठी बनलेले नाही. दोन-तीन दिवस अन्न न मिळाल्यास अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. विशेष म्हणजे हा धोका लठ्ठ मांजरांना अधिक असतो, त्यामुळे ‘जाडच आहे, दोन दिवस नाही खाल्ले तर बरेच’ हा विचार घातक ठरतो. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाने अर्धा दिवस खाल्ले नाही, तरी वाट पाहू नये.

बोका लघवीसाठी वारंवार बसतो आहे, कण्हतो आहे आणि थेंबही येत नाही, हे दिसल्यास मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा, कारण मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, सतत लाळ गळणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे, हिरड्या किंवा कानांच्या आतली कातडी पिवळी अथवा पांढरीफटक दिसणे, ही लक्षणेही याच वर्गातली आहेत. इमारतीत कोणी उंदरांचे औषध ठेवले असल्यास आणखी सावध राहावे. रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे मांजर आज हिंडते-फिरते आहे यावरून ते सुरक्षित आहे असे समजू नये. औषधाचे पाकीट मिळाले, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते: अंग गरम लागते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. तिचा तुकडासुद्धा त्याच्या जिवावर बेततो.

वजन: महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर

स्वतः मांजर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि नंतर आपले वजन वजा करायचे, ही पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यात चूक बरीच राहते. चार किलोच्या मांजराचे वजन चारशे ग्रॅमने घटणे म्हणजे दहा टक्के घट, आणि तेवढी घट पशुवैद्य गांभीर्याने घेतात. माणसांच्या काट्यावर हात थोडा हलला तरी शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. त्यापेक्षा रद्दीवाल्याकडे असतो तसा छोटा टांगता डिजिटल काटा घ्यावा, जो प्रवासाच्या बॅगा मोजण्यासाठीही विकला जातो. जाड कापडी पिशवीत किंवा प्रवासाच्या पिंजऱ्यात मांजर बसवून काट्याला अडकवावे, आकडा स्थिर झाला की लिहावा आणि पिशवीचे वा पिंजऱ्याचे वजन त्यातून वजा करावे. पहिल्या वेळी मांजर धडपडते, म्हणून आधी दोन-तीन दिवस पिशवी जमिनीवर उघडी ठेवून तिच्यात खाऊ टाकावा. मग ते आपणहून आत शिरते. भुकेबद्दल शंका असेल, त्या काळात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा वजन करणे पुरेसे आहे.

काटा नसेल, तर हाताने अंदाज घेता येतो. आपला पंजा सपाट पसरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवल्यावर हाडे जशी लागतात, तशा मांजराच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागाव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचत असतील, तर मांजर हडकले आहे, आणि दाबूनही सापडत नसतील, तर ते लठ्ठ झाले आहे. लांब केसांच्या मांजरांत नजर हमखास फसते, त्यामुळे हात लावूनच पाहावे.

ताटली नेमके कोण रिकामी करते?

भूक वाढली किंवा कमी झाली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपल्या घरच्या ताटलीचा हिशेब चोख करावा. दिवसभर कोरडे अन्न भरून ठेवण्याची सवय असेल, तर कोण किती खाते हे कळण्याचा मार्गच उरत नाही. पुण्यात तळमजल्याच्या गॅलरीत रात्री ठेवलेली ताटली सकाळी चाटूनपुसून साफ झालेली असते आणि मालक समजतात की मांजराची भूक वाढली. प्रत्यक्षात ती घुशीने किंवा शेजारच्या दांडगट बोक्याने संपवलेली असण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, घराच्या आत, मोजून अन्न द्यावे, अर्ध्या तासाने ताटली उचलावी आणि उरलेले पुन्हा मोजावे. मुंग्यांचा त्रास असेल, तर पाणी घातलेल्या परातीत ताटली ठेवावी.

मोजायचे किती, हेही ठरवून घ्यावे. चार किलो वजनाच्या, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. बाजारातल्या कोरड्या अन्नाच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसभराचे एकूण माप ५० ते ७० ग्रॅमच्या आसपास येते. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो. हे माप इतके लहान असते की बहुतेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. आता शेजारच्या आजींच्या दुधाचा विचार करा: म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. आजींच्या दृष्टीने ती ‘एवढीशी वाटी’ असते, पण मांजराच्या दृष्टीने तेवढ्यातच अर्ध्या दिवसाचे जेवण उरकलेले असते.

नोंदींवरून काय समजावे

आठवड्याची नोंद आणि वजनाचे दोन-तीन आकडे हाती आले की चित्र बरेच स्पष्ट होते.

घरी कमी खाते, पण वजन स्थिर आहे किंवा वाढते आहे, डोळे स्वच्छ आहेत, अंग चाटून नीट ठेवते आणि हुंदडते, तर ते बहुधा दुसरीकडे जेवते आहे. घरी तेवढेच खाऊन गोल गरगरीत होत असेल, तरीही निष्कर्ष तोच.

घरी कमी खाते आणि वजनही उतरते आहे, ही आजाराची जोडी आहे आणि येथे शेजाऱ्यांकडे चौकशी करण्यात वेळ दवडू नये. दातांचे आणि हिरड्यांचे दुखणे हे यामागचे एक नेहमीचे कारण आहे. असे मांजर भुकेने धावत ताटलीपाशी येते, एक दाणा उचलते, मान वाकडी करून चावते, दाणा खाली पाडते आणि मागे सरते. कधी पंजाने तोंड घासते. ही हालचाल एकदा नीट पाहिली की ‘नखरे करते’ आणि ‘तोंड दुखते’ यांतला फरक लगेच ओळखू येतो. सर्दीने नाक चोंदलेले मांजरही खात नाही, कारण वास आल्याशिवाय त्याला अन्न हे अन्न वाटत नाही. अशा वेळी ओले अन्न किंचित कोमट करून दिल्यास उपयोग होतो. शस्त्रक्रिया न झालेले बोके मारामाऱ्या करून येतात, चावल्याच्या बारीक जखमेवरची कातडी वरून जुळते आणि आत पू साठतो. गालावर किंवा शेपटीच्या बुडाशी गरम, दुखरी सूज आणि अन्नावरची वासना उडणे, अशी ती खूण असते. वय दहाच्या पुढे असेल आणि पाणी पिणे वाढले असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

भरपूर खाते आणि तरी वाळत चालले आहे, हा प्रकार पालकांना सर्वाधिक फसवतो, कारण खाणारे मांजर आजारी असेल असे वाटत नाही. तरुण मांजरात प्रथम जंतांचा संशय घ्यावा. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे असतात आणि तो बहुधा पिसवांमधून होतो, त्यामुळे जंतांच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइडची अतिक्रिया आणि मधुमेह ही दोन कारणे रक्ततपासणीतून कळतात. पिल्लांना पाजणारी मांजरी दुप्पट-तिप्पट खाऊनही उतरते. तिला भरपूर द्यावे.

घरी अचानक जास्त मागू लागले आणि वजन मात्र नेहमीचेच आहे, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, दुसरीकडची एखादी ताटली बंद झाली आहे. समोरचे बिऱ्हाड हलले असेल, आजी मुलाकडे परदेशी गेल्या असतील किंवा इमारत पुनर्विकासाला जाऊन वॉचमन बदलला असेल. शस्त्रक्रियेनंतर वाढलेली भूक मात्र वेगळी असते: शरीराची गरज घटते, भूक वाढते आणि काही महिन्यांत मांजर फुगते. त्या काळात माप वाढवू नये.

दुसरी ताटली शोधण्याची रीत

मांजराचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कागदी पट्टा. साध्या कागदाची दोन बोटे रुंदीची पट्टी घ्यावी, तिच्यावर ‘मी घरचे मांजर आहे. तुमच्याकडे मला खायला मिळते का? कृपया या क्रमांकावर कळवा’ असे ठळक लिहावे, खाली फोन नंबर द्यावा आणि दोन बोटे आत जातील इतकी सैल ठेवून ती चिकटपट्टीच्या लहानशा तुकड्याने गळ्याभोवती जोडावी. दोरा, रबर किंवा प्लॅस्टिकची फीत वापरू नये, कारण फांदीत वा ग्रिलमध्ये अडकली तर फास बसतो. कागद फाटतो, आणि तेच त्याचे काम आहे. पावसाळ्यात अर्थातच हा उपाय टिकत नाही. कायमचा पट्टा हवा असेल, तर ताण आल्यावर आपोआप सुटणाऱ्या बकलचाच घ्यावा.

याबरोबर मांजराच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात. रोज साडेसातला बाहेर पडून आठच्या ठोक्याला मिशा चाटत परतणारे मांजर कोणाच्या तरी दूध तापवण्याच्या वेळेवर जाते आहे, हे उघड आहे. इस्त्रीवाले, वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांना इमारतीतल्या मांजरांची जेवढी माहिती असते, तेवढी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटालाही नसते. आधी त्यांना विचारावे.

शेजाऱ्यांशी बोलताना

पुण्यात कोणत्याही तक्रारीचा पहिला अवतार पाटीच्या रूपाने प्रकट होतो. तो मोह येथे आवरावा. ‘आमच्या मांजरास परस्पर खायला घालू नये’ अशी पाटी लिफ्टशेजारी लावल्याने घालणारे थांबत नाहीत, ते लपून घालू लागतात. मग मांजर काय खाते हे कळण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. शिवाय ज्या काकूंच्या एकट्या दुपारी ते मांजर हक्काने येऊन बसते, त्यांना ‘देऊ नका’ म्हणणे सोपे नाही आणि फारसे न्याय्यही नाही.

प्रत्यक्ष भेटून, आधी माहिती विचारावी. ‘काकू, आमची मनी तुमच्याकडे येते ना? काय आवडीने खाते हो ती तुमच्याकडे?’ असे विचारले की यादी आपोआप मिळते, कारण या प्रश्नात आरोप नसतो आणि काकूंनाही सांगायचेच असते. त्यानंतर कारण सांगावे: ‘डॉक्टरांनी तिचे वजन अर्धा किलोने उतरवायला सांगितले आहे. तुम्ही तिला द्यायचे थांबवू नका, फक्त या डब्यातले द्या. हा तिचा आठवड्याचा तुमच्याकडचा वाटा.’ आणि खरोखरच मोजलेल्या कोरड्या अन्नाचा घट्ट झाकणाचा छोटा डबा, आत लहान चमचा ठेवून, त्यांच्या हाती द्यावा. रोजच्या ६० ग्रॅममधले १५ ग्रॅम काकूंकडे गेले, तर आपल्या घरी ४५ द्यावेत. ही युक्ती इतर सर्व उपायांपेक्षा चांगली चालते, कारण त्यात कोणाचाही आनंद हिरावला जात नाही आणि हिशेबही लागतो. डबा लवकर संपला, तर चमचे वाढले आहेत हेही समजते.

ज्येष्ठ मंडळींपैकी काहींच्या घरी मांसाहारी पाकीट चालत नाही. तेथे आग्रह धरू नये. त्यांना पाण्याची वाटी ठेवण्याची विनंती करावी, मांजर आल्यावर थोपटावे, खेळवावे, असे सुचवावे. आणि ‘आजोबा, ती आज आली नाही किंवा सुस्त दिसली तर मला एक फोन कराल का?’ असे विचारून त्यांच्याकडे देखरेखीचे काम सोपवावे.

शेजाऱ्यांना काय देऊ नये, याची यादी तोंडी न सांगता लिहून द्यावी, म्हणजे ती फ्रिजवर चिकटते. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, आणि आपल्या रश्शात, आमटीत, वाटणात ते असतातच, म्हणून रस्सा धुऊन काढलेला मटणाचा तुकडासुद्धा टाळावा. शिजवलेली कोंबडीची हाडे चावल्यावर फुटून टोके निघतात आणि घशात अडकतात. सुकट, बोंबील यांत मीठ फार असते. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दूधपोळीने पोट भरते, परंतु मांजराला मांसातूनच मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य तिच्यात पुरेसे नसते, आणि त्याच्या दीर्घकाळच्या अभावाने दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. त्याच कारणाने कुत्र्यांचे अन्नही मांजराला रोज देऊ नये. द्यायचेच असेल, तर मीठ-मसाला न घालता उकडलेल्या, बिनहाडाच्या चिकनचे दोन बोटांएवढे तुकडे हरकत नाही.

खायला घालण्याची जागा ठरलेली असावी आणि जिन्यापासून, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. अन्न उघडे राहिले की घुशी येतात, तक्रारी सुरू होतात आणि एखाद्या दिवशी कोणीतरी विष ठेवते. जनावराला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार गुन्हा आहे, परंतु तेथपर्यंत वेळ येऊ न देणे सर्वांच्याच सोयीचे आहे. एकाच ताटलीत चार मांजरे जेवत असतील, तर सर्दीपडशासारखे संसर्ग पसरतात, म्हणून ताटल्या रोज धुवाव्यात आणि आपल्या मांजराचे लसीकरण वेळेवर करावे. बाहेर फिरणाऱ्या प्रौढ मांजराला जंतांचे औषध साधारणपणे दर तीन महिन्यांनी देतात.

पुण्याचे ऋतू आणि सणवार

मांजराच्या भुकेवर पंचांगाचाही परिणाम होतो, याची नवख्या पालकांना कल्पना नसते. आषाढ अमावास्येच्या आधीच्या दिवसांत घरोघरी कोंबडी-मटण शिजते, तेव्हा बाहेर फिरणारी मांजरे घरच्या ताटलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि त्याच दिवसांत उलट्या व हाडे अडकण्याचे प्रकारही होतात. श्रावण लागला की अनेक स्वयंपाकघरांतून मासे-मटण हद्दपार होते, काही घरांत ते अनंत चतुर्दशीपर्यंत परतत नाही आणि तेच मांजर घरी येऊन दुप्पट मागू लागते. वजन ठीक असेल, तर यात घाबरण्याजोगे काही नाही. पितृपक्षात गच्चीवर ठेवलेल्या कावळ्याच्या पानावर मांजरे डल्ला मारतात. खीर आणि वडे पचले नाहीत की एखादा दिवस पोट बिघडते. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीने मांजर पलंगाखाली दडून बसते आणि दिवसभर खात नाही. फटाके थांबल्यावर रात्री उशिरा शांत खोलीत अन्न ठेवावे, मात्र दुसऱ्या दिवशीही खाल्ले नाही, तर भीतीला दोष देत बसू नये.

एप्रिल-मेच्या उन्हात भूक थोडी कमी होणे स्वाभाविक आहे. जेवण पहाटे आणि रात्री द्यावे, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. पावसाळ्यात कोरडे अन्न सादळते आणि त्याला बुरशी येते. अशा अन्नाचा वास घेऊन मांजर निघून गेले, तर दोष भुकेचा नसतो. मोठे पाकीट या दिवसांत घेऊच नये.

बाहेरचे खाणे पूर्ण बंद करावे लागते, अशा वेळा

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे मांजर बाहेर किती खाते हे माहीत नसेल, तर मात्रा ठरवता येत नाही आणि साखर एकदम उतरून ते बेशुद्ध पडू शकते. मूत्रपिंडाच्या आजारासाठी खास अन्न सुरू असताना एखादे सुकट त्या सगळ्या पथ्यावर पाणी फिरवते. अशा मांजराला घरातच ठेवणे हाच खरा मार्ग आहे. त्यासाठी खिडक्यांना जाळी आणि खेळायला उंच जागा यांची सोय करावी. नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते. डॉक्टर सांगतील तेवढे तास मांजर घरात बंद ठेवावे आणि डबा असलेल्या प्रत्येक घरी आदल्या संध्याकाळी निरोप द्यावा, कारण सकाळी सातला निसटलेले मांजर सव्वासातला कोणाचे तरी दूध पिऊन येते.

पशुवैद्यांकडे जाताना आठवड्याची नोंद, वजनाचे आकडे, शेजारी काय देतात त्याची यादी आणि शक्य असल्यास ताज्या शीचा नमुना बरोबर न्यावा. ‘काही खात नाही’ या वाक्यापेक्षा ‘सोमवारपासून घरी २० ग्रॅम, शेजारी काही नाही, वजन ३०० ग्रॅमने कमी’ या वाक्यावरून तपासण्या लवकर ठरतात. आपण गावाला जाणार असू, तर हीच नोंदवही आणि डॉक्टरांचा क्रमांक डबा सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांपैकी एकाच घरी द्यावा आणि उरलेल्यांना ते घर कोणते आहे हे सांगून ठेवावे.